चोवीस वेळा ‘नाही’

सभागृहात टाळ्या वाजत होत्या. त्या माझ्यासाठी आहेत हे मला शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसून सांगितलं.

“तुमचंच नाव घेतलं. उठा की.”

माझी काठी खुर्चीखाली घसरली होती. माझे यजमान जयवंत वाकले, काठी काढून माझ्या हातात दिली आणि दंडाला धरून मला उभं केलं. व्यासपीठाकडे जाताना मी पडद्यावर पाहिलं. निळ्या चौकटीत पांढरी अक्षरं होती. ‘रुग्ण क्रमांक सात. स्त्री, वय एकेचाळीस, न्यायालयीन कर्मचारी. उपचाराचे महिने चोवीस. रिलॅप्स शून्य.’

मी तिथंच थांबले. मागून जयवंत हळू म्हणाले, “चल ना. दोन शब्द बोल आणि ये.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जानेवारीतला चौथा शनिवार होता, कोर्टाला सुट्टी होती, म्हणून मी विट्याहून मिरजेला त्या रुग्णमेळाव्याला येऊ शकले. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराचं रक्षण करणारी फौज चुकून आपल्याच मेंदूच्या आणि मणक्याच्या नसांवरचं वेष्टण कुरतडते, असा तो आजार. तो सारखा नसतो. मध्येच उसळतो, काही आठवडे धिंगाणा घालतो, मग ओसरतो, आणि जाताना काहीतरी घेऊन जातो. डॉक्टर त्या उसळण्याला रिलॅप्स म्हणतात. आमच्याकडे दुखणं उलटलं म्हणतात.

ते उलटू नये म्हणून मी दोन वर्षं सुई घेत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पोटावर, मांडीवर, दंडावर, जागा बदलून बदलून. जयवंत हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक, हात स्थिर, तेच टोचायचे. सुई घेतली की दोन तासांत थंडी वाजून ताप यायचा. मी गोधडी घेऊन पडायची आणि सकाळी उठून कोर्टात जायची. एकही सुई चुकवली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा थर्मासमध्ये बर्फ घालून सुई नेली होती. आमच्या दोघांच्या पगारात न बसणारं ते औषध एका मदत योजनेतून फुकट मिळायचं, आणि ती योजना मिरजेचे डॉक्टर माहुलीकर चालवायचे.

आणि त्या दोन वर्षांत माझं दुखणं तीन वेळा उलटलं होतं.

डॉक्टरांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस, आवाज मऊ. “वैजयंतीताईंकडे बघा,” ते लोकांना म्हणाले, “नियमित औषध घेतलं की काय होतं ते. नोकरी करतात. संसार करतात. ताई, तुमचा अनुभव सांगा.”

समोर साठ-सत्तर माणसं होती. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी काठी घेऊन, कुणी नुसतंच घाबरलेलं. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांची एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. मुलीच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

“पडद्यावर लिहिलंय ते चूक आहे,” मी म्हटलं. “माझं दुखणं तीन वेळा उलटलंय.”

डॉक्टर हसले. “ताई, सुई सुरू करायच्या आधीचं नाही विचारत.”

“सुई चालू असतानाचंच सांगतेय. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये उजवा डोळा गेला. बावीस दिवस त्या डोळ्यानं राखाडी धुराशिवाय काही दिसत नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये डावा पाय. तो अजून ओढते, आत्ता सगळ्यांनी बघितलंच. आणि गेल्या सप्टेंबरमध्ये हा हात.” मी उजवा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नव्हतं, आजही होत नाही. “मी कोर्टात स्टेनो होते. सतरा वर्षं साक्षीपुरावे लिहून घेतले. दोन महिन्यांपूर्वी मला निकालांच्या प्रती काढून देणाऱ्या नकल विभागात बसवलं, कारण साक्षीदार बोलून खाली उतरतो आणि माझं अजून अर्धं लिहून व्हायचं असतं. आणि तुम्ही म्हणता शून्य.”

डॉक्टरांनी माईक स्वतःकडे घेतला, पण आवाज तसाच मऊ ठेवला.

“हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. रुग्णाला जे जाणवतं तो प्रत्येक वेळी खरा रिलॅप्स नसतो. उन्हानं, तापानं, दगदगीनं जुनी लक्षणं डोकं वर काढतात. खरा रिलॅप्स म्हणायला त्रास चोवीस तासांहून जास्त टिकावा लागतो.”

“माझा पाय पाच आठवडे लुळा होता,” मी माईकशिवाय म्हणाले. सतरा वर्षं कोर्टात बसलेल्या बाईला माईक लागत नाही. “पाच आठवड्यांत चोवीस तास किती वेळा बसतात ते तुम्हीच सांगा.”

“कोणतंही औषध शंभर टक्के थांबवत नाही, ताई.”

“मग शून्य का लिहिलंत?”

पहिल्या रांगेतले फेटेवाले उभे राहिले. दोन्ही हात जोडलेले. “ताई, पोरीला हीच सुई चालू करायची म्हणत्यात. करू का नको, तेवढं सांगा. मला बाकीचं कळत न्हाई.”

मला त्यांचा राग यायचं काही कारण नव्हतं, पण त्या क्षणी आला. मी तिथं भांडायला उभी होते आणि हा माणूस माझ्याकडून औषधाची चिठ्ठी मागत होता. त्याची मुलगी एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. मला ऑगस्टमधला माझा डोळा आठवला.

“करा,” मी म्हटलं. “सुई नसती तर मला तीनऐवजी सहा वेळा झालं असतं की काय, ते मला माहीत नाही. पण उलटलं तर गप्प बसू नका. कागदावर लिहून घेतल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीतून उठू नका.”

मग मी डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, मला माझी फाइल बघायचीय. आत्ता.

*

मागच्या खोलीत एक टेबल, कपाट आणि खोक्यांच्या थप्प्या होत्या. योजनेचं काम बघणारी तरन्नुम बागवान फाइल घेऊन आली. तिशीची, शांत चेहऱ्याची मुलगी. औषधाची खोकी पाठवणं, दरमहा फोन करून चौकशी करणं, सगळं तीच करायची. तिनं फाइल माझ्यासमोर ठेवली.

चोवीस महिने, चोवीस पानं. प्रत्येक पानावर तोच छापील प्रश्न : गेल्या महिन्यात दुखणं उलटलं का? आणि प्रत्येक पानावर ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण. ऑगस्टला नाही. एप्रिलला नाही. सप्टेंबरला नाही.

मी सप्टेंबरच्या पानावर बोट ठेवलं.

“हे तू भरलंस?” मी तिला विचारलं.

“हो, मॅडम.”

“कुठं बसून? घरी? टीव्ही बघता बघता?”

“मॅडम, मी दर महिन्याला फोन करायचे. पाच तारखेला.”

“मला तुझा एक फोन आला नाही. माझा मोबाइल कोर्टात बंद असतो, हे तुला माहीत होतं. एक बाई फोन उचलत नाही, मग मार खूण, कोण विचारतंय. हेच केलंस ना?”

“नाही, मॅडम.”

“माझ्यासमोर माणसं शपथ घेऊन खोटं बोललीत. मला शिकवू नकोस. एका खुणेला तुला किती वेळ लागला? मला पायरी चढायला किती वेळ लागतो माहितेय? तुझ्यासारख्या मुलींना नोकरी म्हणजे काय ते कळत नाही. माझं स्टेनोचं काम गेलं त्यात, तुला कळतंय का?”

मी अजून बरंच बोलले. त्यातलं काही मला आज लिहायची लाज वाटते. ती एका शब्दानंही उलटून बोलली नाही. तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. ती फक्त माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मला वाटलं, कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून दाराकडे बघतेय.

“खालची ओळ वाचा, मॅडम,” ती शेवटी म्हणाली.

पानाच्या तळाला बारीक अक्षरात छापलं होतं : माहिती देणाऱ्याचं रुग्णाशी नातं. त्यापुढं तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘पती’. मी पान उलटलं. पती. आणखी एक उलटलं. पती.

“तुमचा फोन बंद असतो म्हणून सरांनी त्यांचा नंबर दिला होता. दर वेळी तेच बोलायचे. मी प्रत्येक वेळी विचारायचे, मॅडम कशा आहेत, काही नवीन त्रास? सर म्हणायचे, काही नाही, एकदम ठीक.”

मी वळले. जयवंत दारात उभे होते. दोन्ही हातांत चहाचे कागदी कप. ते कधी आले होते मला माहीत नाही, पण कपातल्या चहावर साय धरली होती.

तेवढ्यात डॉक्टर माहुलीकर आत आले, तरन्नुमनं दोन वाक्यांत त्यांना सांगितलं, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

“म्हणजे आमच्या बाजूनं चूक नाहीये,” ते म्हणाले.

“तुमचा केसपेपर काढा,” मी म्हटलं.

“ताई, आता जेवणाची वेळ...”

“काढा.”

त्यांनी काढला. मागच्या जानेवारीत मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून डोळ्याचं सांगितलं होतं. जुलैत पायाचं सांगितलं होतं. जानेवारीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘प्रकृती स्थिर.’ जुलैच्या नोंदीत, ‘उन्हाचा त्रास. काळजी नको.’

“हे मी तोंडानं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, डोळा आता बरा आहे ना, मग झालं. तुम्ही माझ्या पायाला हातसुद्धा लावला नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले, “लेखी द्या. तारखांसकट. मी योजनेच्या समितीकडे पाठवतो.” आणि मग, पहिल्यांदाच जरा माणसासारखं, “तेव्हाच कळलं असतं तर औषध बदलता आलं असतं. याहून जोरकस औषधं आहेत.”

हे त्यांनी मला सांगितलं, पण ते बघत जयवंतांकडे होते.

मी तरन्नुमची माफी मागितली. ती “असू दे मॅडम” म्हणाली. तिनं असू दिलं नव्हतं हे दिसत होतं, आणि ते बरोबरच होतं. मी तिला नको नको ते बोलत असताना माझा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला एका वाक्यात ते थांबवता आलं असतं.

*

परतीच्या एसटीत आम्हाला अपंगांसाठीची सीट मिळाली. पुढं-मागं माणसं, तासगावचा बाजार करून निघालेल्या बायका, पायाशी पिशव्या. मोठ्यानं बोलता येत नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी कुजबुजत केलं.

“का?” मी विचारलं.

जयवंत खिडकीबाहेर द्राक्षबागा बघत होते. “पहिल्याच महिन्यात त्या बागवानबाईंनी नियम सांगितले होते. वर्षात दोनदा उलटलं तर औषध लागू नाही असं धरतात, योजनेतून नाव काढतात. मी घाबरलो.”

“कशाला?”

“सुई बंद झाली असती, वैजू. सुई घेऊन तुझं एवढं झालं. नसती तर?”

“सुई काम करत नव्हती.”

“ते मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे?”

“तुम्ही डॉक्टर नव्हता, म्हणूनच डॉक्टरला सांगायचं होतं.” माझ्या आवाजानं पुढची बाई वळली. मी पुन्हा आवाज उतरवला. “सप्टेंबरमध्ये हात गेला तेव्हा आपले गावातले डॉक्टर म्हणाले, मिरजेला न्या. तुम्ही म्हणालात, मी फोन केला, माहुलीकरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलंय. तो फोन केला होता?”

त्यांनी खिशातली तिकिटं काढली, परत ठेवली.

“अहो, विचारतेय मी. केला होता?”

“नाही.”

मी डाव्या हातानं उजव्या हाताची ती दोन बोटं धरून बसले होते. सप्टेंबरमध्ये महिनाभर मी पहाटे उठून लघुलिपीचा सराव करत होते. शाळकरी मुलीसारख्या वह्या भरत होते. हे माझ्यासमोर बसून, चहा करून द्यायचे आणि म्हणायचे, येईल, येईल, हळूहळू येईल.

“माझा पाय होता तो,” मी म्हटलं. “माझा हात होता. तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.”

“तुझ्यासाठीच केलं.”

“माझ्यासाठी केलं असतं तर मला सांगितलं असतं.”

विटा आलं. स्टँडवर उतरताना त्यांनी नेहमीप्रमाणे हात पुढं केला. मी दांडीला धरून एकटी उतरले. शेवटच्या पायरीवर गुडघा मुडपला, पण पडले नाही. पडले असते तरी त्या दिवशी त्यांचा हात धरला नसता.

*

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. समितीनं मला त्या योजनेतून खरोखरच काढलं. जयवंतांची भीती अगदीच खोटी नव्हती. अडीच महिने मी कोणत्याही औषधाशिवाय होते, आणि ते अडीच महिने आम्ही दोघं जीव मुठीत धरून जगलो. मग डॉक्टर माहुलीकरांनीच खटपट करून मला दुसऱ्या योजनेत घेतलं, महिन्यातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध. त्यानंतर पाच वर्षं दुखणं उलटलं नाही. सहाव्या वर्षी एकदा उलटलं, ते त्याच आठवड्यात कागदावर आलं. गेलेली बोटं परत आली नाहीत. वेळेवर औषध बदललं असतं तर ती राहिली असती का, हे मी तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगता येत नाही म्हणून सांगितलं. त्या ‘सांगता येत नाही’चं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. त्याचा राग मी कुणावर काढू? काढायला घरात एकच माणूस होता.

पण मला सांगायचंय ते त्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीचं, रविवार सकाळचं.

रात्रभर मी मुलीच्या खोलीत झोपले होते. मुलगी शिकायला पुण्याला होती. सकाळी आठ वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फुलस्केप कागद घेऊन बसले. डॉक्टरांना तारखांसकट लेखी द्यायचं होतं. डाव्या हाताला अक्षर नव्हतं, उजव्या हातात पेन ठरत नव्हतं. पहिली ओळ लिहिली आणि माझी मलाच वाचता येईना. टाइप करायला कोर्ट उघडेपर्यंत थांबावं लागलं असतं. मला थांबायचं नव्हतं.

जयवंत ओट्याशी उभे होते. दाढी न केलेले, कालच्याच कपड्यांत.

“बसा,” मी म्हटलं. “मी सांगते, तुम्ही लिहा.”

ते बसले. मी सांगू लागले. सतरा वर्षं लोक बोलायचे आणि मी लिहायची. उलटं पहिल्यांदाच होत होतं. ऑगस्टची नऊ तारीख, उजवा डोळा, बावीस दिवस. एप्रिलची सतरा, डावा पाय, पाच आठवडे, गावातल्या डॉक्टरांनी तीन सलाइन लावली. सप्टेंबरची चार, उजव्या हाताची दोन बोटं. ते खाली मान घालून लिहीत होते. त्यांचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, मोठं आणि सरळ.

“पुढं लिहा. वरील तिन्ही वेळा माझ्या पतीने दूरध्वनीवर खोटी माहिती दिली.”

पेन थांबलं. “हे पण लिहू?”

“लिहा.”

“शाळेत कळलं तर...”

“ती बागवानबाई कालपासून खोटारडी ठरलीय. तुमच्या डोळ्यांदेखत. लिहा.”

त्यांनी लिहिलं. ‘खोटी’ हा शब्द लिहिताना पेन इतकं दाबलं की कागदाला मागून उठाव आला. मी म्हटलं, आता खाली माझं नाव लिहा, सही मी जमेल तशी करते.

त्यांनी नाव लिहिलं नाही. पेन आडवं ठेवलं. दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं.

“तीन नाही, वैजू,” ते म्हणाले. “चार.”

मला कळेना.

“पहिल्या वर्षीची दिवाळी. तुझी जीभ अडखळत होती. ‘पाडवा’ म्हणायला गेलीस की ‘पावडा’ यायचं. नऊ दिवस. पाहुणे असायचे तेव्हा मीच मध्ये बोलायचो, तुला कमी बोलावं लागावं म्हणून. तू एकदा विचारलंस, अहो, मी नीट बोलतेय ना? मी म्हटलं, दमलीयेस, फराळाचं केलंस ना.”

मला तो प्रश्न आठवला. उत्तरही आठवलं. त्या दिवाळीत माझे यजमान किती बोलतात, किती हौशी झालेत, असं माझी नणंद म्हणाली होती आणि मला बरं वाटलं होतं.

“हे कुणाकुणाला माहीत होतं?”

“मला एकट्याला.”

मला टेबलावरचं काहीतरी फेकावंसं वाटत होतं, आणि उजव्या हातानं ते नीट फेकलंही गेलं नसतं. चौदा महिने हा माणूस माझ्यातलं एक दुखणं माझ्यापासून लपवून, एकटाच सांभाळून बसला होता. आता, मी सही करायच्या आधी, त्यानं ते आपणहून काढून टेबलावर ठेवलं होतं. न सांगता चाललं असतं. मला कधीच कळलं नसतं.

मी त्यांना माफ केलं नाही. त्या दिवशी तर नाहीच, आणि नंतरही पूर्ण केलं असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही. पण मी कागद उलटा करून त्यांच्याकडे सरकवला, कारण पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती.

“तारीख सांगा,” मी म्हटलं.

“नोव्हेंबरची दोन ते दहा.”

त्यांना पाठ होती. विचार करावा लागला नाही.

“लिहा,” मी म्हटलं, आणि त्यांनी पेन उचललं.